सील तोडू नये!

पोस्टमास्तर म्हणून नोकरी केली तेवढ्या वर्षांत सील तोडल्याचा ठपका माझ्यावर एकदाही आला नाही. न तोडल्याची चौकशी मात्र घरात अजून चालू आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि माझी बदली पिंपळगाव राजाला झाली होती. गावात वीज नुकतीच आलेली. मी पहिला पंखा न घेता पहिला रेडिओ घेतला. तोही कसा? कंपनीचा! चकचकीत लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळी, चार पांढरी बटणं, आणि सोबत इंग्रजी पुस्तिका. (पुस्तिका मी तीनदा वाचली. रेडिओ तेवढा ऐकला नाही.) त्यात ठळक अक्षरात छापलं होतं की सेट कोणीही उघडू नये, उघडल्यास गॅरंटी संपली. हे वाक्य वाचून मला कंपनीबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमच्या खात्याचीच भाषा की ही!

गॅरंटीचं कार्ड मी रहीमचाचांच्या हाती दिलं. रहीमचाचा आमच्या ऑफिसचे जुने पॅकर, घरातही ये-जा असलेले. थैल्या बांधणं, लाख वितळवणं, शिक्का मारणं यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. मी म्हटलं, "चाचा, हे कार्ड आत ठेवा आणि सील करून टाका." आत म्हणजे तिजोरीत, हे काय वेगळं सांगायला हवं?

दोन दिवसांनी रेडिओची मागची बाजू पुसताना मला एका स्क्रूवर लालभडक लाखेचं सील दिसलं. माझा ऊर भरून आला. एवढी काळजी घेणारी कंपनी! मी रेडिओ भिंतीला टेकवला आणि घरात जाहीर केलं, "याच्या पाठीला कोणी हात लावायचा नाही."

आमच्या समोर पुंडलिकचं सायकलचं दुकान होतं. त्याच्याकडेही रेडिओ होता, पण तो त्यानं स्वतः जोडलेला. साबणाच्या खोक्यात! भाग कुठलेकुठले, आणि पाठच नाही. आतले दिवे उघडे लुकलुकायचे. बिघडला की पुंडलिक स्क्रू-ड्रायव्हरनं आत कुठंतरी टोचायचा, एक शिवी द्यायचा, की तो खोका गायला लागायचा. मी त्याकडं बघून नाक मुरडत असे.

"मास्तर, तुमचा उघडून दाखवा ना एक डाव," पुंडलिक म्हणायचा.

"कंपनीचा आहे. उघडायचा नसतो."

"जे उघडता येत नाई ते आपलं कायचं जी?"

अशा अडाणी प्रश्नांना मी उत्तर देत नसे.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. आईनं विळी, अडकित्ता, माझी दौत-टाक सगळं मांडलं आणि शेवटी हळद-कुंकू घेऊन रेडिओकडं वळली. "वसंता, याची बी पूजा पायजे. बोलते ना तो!" तिनं पुढं कुंकू लावलं, वर आपट्याचं पान ठेवलं, आणि पाठीमागच्या फटींतून मूठभर अक्षता आत टाकल्या. देवाच्या पोटात काहीतरी जायला नको का? मी तिला अडवलं नाही. सील कुठं तुटत होतं!

चार दिवसांनी रेडिओतून खरखर सुरू झाली.

मी पुस्तिका उघडली. "वातावरणात विद्युतभार असल्यास किरकोळ खरखर येते," मी सर्वांना वाचून दाखवलं. संध्याकाळी ओसरीवर आठ-दहा मंडळी ऐकायला बसायची. एकदा बातम्या चालू असताना मध्येच बारीक आवाज आला, "चीं... चीं..."

"हे काय हो मास्तर?" पाटलांनी विचारलं.

"परदेशी स्टेशन," मी म्हटलं. "कंपनीचा सेट आहे, लांबलांबची लागतात."

"कोन्त्या देशाची भाषा म्हनावं ही?"

"युरोपातली असावी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बातम्या संपल्या, मी बटण फिरवून रेडिओ बंद केला. आणि बंद रेडिओतून पुन्हा आलं, "चीं!"

"बंद केल्यावरही लांबचं स्टेशन थोडा वेळ येत राहतं," मी म्हटलं. (हे पुस्तिकेत नव्हतं. हे मी कंपनीच्या वतीनं सांगितलं.)

पुंडलिक भिंतीला टेकून गालात हसत होता. "मास्तर, त्या युरोपाले शेपूट हाये."

आता कमलबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यामुळं झालं, निदान मी तसं बरीच वर्षं म्हणत आलो. कमल माझी बायको, माहेर जळगाव जामोदचं. गळा असा गोड की ती दळायला बसली की समोर पुंडलिक पंक्चर काढायचं थांबायचा. भाद्रपदात ती नागपूरला भावाकडं गेली होती, तेव्हा तिथल्या रेडिओ केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमासाठी तिच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून घेतल्या. स्वतःचा आवाज तिनं काही ऐकला नव्हता, ऐकवायला त्या लोकांना वेळ नव्हता. मग दिवाळीच्या आधी पत्र आलं. (माझ्याच ऑफिसात आलं, मीच शिक्का मारला.) गुरुवारी दुपारी एक वाजता तुमच्या ओव्या लागतील. एकदाच.

कमलनं ते पत्र किती वेळा वाचलं असेल! गावभर निरोप गेले. गुरुवारी दुपारी सगळ्या बाया आमच्याकडं येणार होत्या. तिनं दोन सतरंज्या धुऊन ठेवल्या. माझ्याकडं बघून ती उगाच लाजायची, आणि मी "काय गं?" म्हटलं की म्हणायची, "काई नाई. तुमी ऐका मंग समजन."

आणि मंगळवारी रेडिओ मेला. खरखर नाही, युरोप नाही, काही नाही. नुसता कुबट वास.

पुंडलिक हत्यारं घेऊनच आला. "चार स्क्रू हायेत. चार मिन्टं द्या मले."

"सील आहे त्यावर!"

"मंग तोडू!"

सील तोडू! माझ्या तोंडासमोर! मी पेटीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. "अधिकृत विक्रेत्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. गॅरंटी जाईल."

कमलच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, उघडू द्या ना त्याले! परवा माह्या ओव्या हायेत. सील म्हनजे का देव हाये?"

रहीमचाचा दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "मास्तरसाब, त्या सीलचं मले जरा सांगायचं होतं..."

"चाचा," मी म्हटलं, "सीलबद्दल मला कोणी शिकवू नका."

"नाई, पन ते सील मी..."

"चाचा!"

तिथं ते मला न जुमानता बोलले असते तर माझा संसार आज वेगळा असता.

गुरुवारी सकाळी मी रजा टाकली, रेडिओ गोधडीत गुंडाळला आणि खामगावच्या मोटारीत बसलो. खामगावला कंपनीचे अधिकृत विक्रेते होते. कमल फाटकापर्यंत आली. "एकच्या आत येसान ना?"

"बाराला दारात हजर," मी म्हटलं.

मोटारीत मी रेडिओ मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी एक म्हातारी. खड्डा आला की गोधडीतून आवाज यायचा, "चीं! चीं!" म्हातारीनं दोन खड्डे सहन केले. तिसऱ्याला म्हणाली, "भाऊ, लेकराच्या तोंडावरचं पांघरून काहाडा जी, जीव घुसमटून राह्यला त्याचा."

"बाळ नाही, रेडिओ आहे."

"मंग बंद करा ना त्याले!"

"बंदच आहे."

म्हातारीनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि उठून मागच्या बाकावर जाऊन बसली.

वाटेत मोटार पंक्चर झाली, खामगावात पोचलो तर अधिकृत विक्रेते जेवायला गेलेले. शेठजी आले तेव्हा एक वाजत आला होता. भलं मोठं दुकान, कंपनीचे दहा-बारा नवे सेट ओळीनं मांडलेले, सगळे बंद. कोपऱ्यात मात्र एक उघडाबोडका, पाठ नसलेला सेट वाजत होता. अगदी पुंडलिकच्या खोक्याचा सख्खा भाऊ!

"हा कुठल्या कंपनीचा?" मी विचारलं.

"हा घरी जोडलाय जी," शेठजी पान लावत म्हणाले. "ते विकाचे. ऐकाचा हा."

मला हे फारसं आवडलं नाही. पण वेळ नव्हता. मी गोधडी सोडली, पाठ त्यांच्याकडं केली आणि अभिमानानं म्हटलं, "बघा. सील शाबूत आहे."

शेठजींनी चष्मा पुसला. सीलजवळ डोळा नेला. काहीतरी पुटपुटले, पण कोपऱ्यातल्या सेटवर कोणीतरी बाई गायला लागली होती, त्यामुळं मला धड ऐकू येईना.

"काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, हे सील..."

बाईनं नेमका तेव्हाच सूर वर नेला.

"अहो, ते रेकणं जरा बंद करा हो!" मी ओरडलो. "इथं महत्त्वाचं काम चाललंय!"

शेठजींनी हात लांब करून बटण फिरवलं. दुकानात शांतता झाली. मग ते म्हणाले, "मास्तर, कंपनी सील लावतच नाई. नुसती कागदाची चिठ्ठी असते, ते बी खोक्यावर. ह्या लाखेवर अक्षरं हायेत. वाचू का? पिं-प-ळ-गा-व रा-जा. पोस्ट ऑफिस."

मी वाकून पाहिलं. रोज पन्नास वेळा बघत असलेला शिक्का होता. वर रहीमचाचांच्या अंगठ्याची खूणसुद्धा होती!

मग मला आठवलं, "हे कार्ड आत ठेवा आणि सील करून टाका." चाचांनी हुकूम पाळला होता. कार्ड फटीतून रेडिओच्या आत, आणि वर सील. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबाला उलट प्रश्न कधी विचारला नव्हता.

शेठजींनी सील उडवलं, चार स्क्रू काढले. आतून एक उंदरीण टुणकन उडी मारून नव्या सेटांच्या मागं पळाली. आत गॅरंटी कार्डाचे बारीक तुकडे, वर आपट्याचं वाळकं पान, आणि त्या मऊ गादीवर चार गुलाबी पिल्लं. बाजूला आईच्या अक्षतांतले उरलेले पाच-सहा दाणे. बाळंतिणीची सोय उत्तम होती.

"कार्ड कुठं हाये तुमचं?" शेठजींनी विचारलं. मी त्या पिल्लांकडं बोट दाखवलं.

कुरतडलेली एकच तार होती. शेठजींनी ती दातानं सोलली, पीळ दिला, बटण फिरवलं. रेडिओ खणखणीत बोलायला लागला. सरकीचे भाव सांगत होता. मी घड्याळाकडं पाहिलं. काम चारच मिनिटांचं होतं, पुंडलिक म्हणाला होता तेवढंच. पण एकची वेळ उलटली होती. सव्वा वाजून गेला होता.

"शेठजी, मघाशी... ते कोण गात होतं?"

"जळगाव जामोदची कोनी बाई म्हने. काय गळा जी! तुमीच तं बंद कराले लावलं."

परत येताना रेडिओ गोधडीत गप्प होता आणि मीही. पिंपळगावला उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. मोटार थांबते तिथंच पुंडलिक होता, एका हातात सायकलचं चाक.

"मास्तर!" तो लांबूनच ओरडला. "आख्खं गाव माह्या दुकानापुढं होतं! सतरंज्या बी तिथंच टाकल्या! खोका एक डाव बी खरखरला नाई. अन् वयनीनं शेवटच्या ओवीत तुमचं नाव घेतलं! सरळ नाव! वऱ्हाडभर ऐकलं लोकायनं. तुमी बी ऐकलं असंन तिकडं, नाई?"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही वाजंत्र्यांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. घरात मी 'अहो', बाहेर मी 'आमच्या घरचे'. आणि त्या बाईनं नागपुरात अनोळखी लोकांपुढं, लाज गिळून, माझं नाव सुरात म्हटलं होतं. त्यासाठीच तर पंधरा दिवस ती लाजत होती! मला रस्त्यातच बसावंसं वाटलं. बसायला रेडिओ होताच.

घरी कमल चूल पेटवत होती. चेहरा नुसता उजळलेला. "ऐकलं का तुमी?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण मी सरकारी माणूस, चेहऱ्यावर सगळं शिक्का मारल्यासारखं दिसतं. मी सगळं सांगितलं. सील, कार्ड, पिल्लं, आणि तो मी ओरडून वापरलेला शब्दसुद्धा.

"रेकनं?" कमल म्हणाली.

"मला कुठं माहीत होतं..."

"रेकनं म्हटलं तुमी मले?"

आई आत जाऊन देवापुढं बसली. रहीमचाचा दारातून आल्या पावली मागं फिरले. मी केविलवाणा होऊन म्हटलं, "कमल, एकदा म्हण ना. ती शेवटची ओवी. फक्त एकदा."

तिनं तव्यावर भाकरी टाकली, हात झाडले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "नाई जी. सील हाये."

पुंडलिकचा खोका पुढं पंधरा वर्षं चालला. माझा रेडिओ त्यानंतर मी स्वतः उघडायला शिकलो, कितीदा उघडला त्याची मोजदाद नाही. पण ती ओवी गावातल्या सगळ्या बायांना पाठ असूनही मला कोणी ऐकवली नाही, कमलनं सगळ्यांना ताकीद दिली होती. दर दिवाळीला मी विचारतो, आणि दर दिवाळीला तेच उत्तर मिळतं. आयुष्यभर अस्सल कंपनीचं सील बघायची हौस होती, ती घरातच फिटली: इतक्या वर्षांत ना ते तुटलं, ना त्यात कधी उंदीर शिरला!