कचरागाडीच्या वेळेचं ध्यान

डॉक्टरांनी बीपीच्या गोळीबरोबर रोज सकाळी दहा मिनिटं शांत बसायला सांगितलं. मी गॅलरीत आसन टाकून डोळे मिटले की नेमकी तेव्हाच आमच्या अन्नपूर्णा भागातल्या गल्लीत गाणं वाजवत कचरागाडी शिरायची. मग ओल्या-सुक्याचे वेगवेगळे डबे उचलून धावत खाली जायचं. कसलं डोंबलाचं ध्यान! आठवडाभरात माझं बीपी त्या गाण्यानंच चढायला लागलं.

एका सकाळी ठरवलं, आज उठायचंच नाही. स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या इंदूरमध्ये हे म्हणजे पापच. गाणं आलं आणि आमच्या फाटकाशी थांबलं. मी डोळे घट्ट मिटून बसले, पण गाणं काही पुढे जाईना. मग जिन्यात धपाधप पावलं वाजली आणि दारावर थाप पडली.

दारात गाडीवरची बाई धापा टाकत उभी होती. "आंटीजी, आप ठीक तो हो ना? रोज तो सबसे पहले खड़ी मिलती हो."

घरात मी पडले-बिडले तर नाही ना, अशी तिला शंका आली होती. मला हसूच फुटलं. मी तिला पाणी दिलं आणि जाताना डबे तीच खाली घेऊन गेली.

आता मी दहा मिनिटं आधीच डबे घेऊन फाटकाशी उभी राहते आणि डोळे मिटते. गाणं अगदी जवळ आलं तरी उघडत नाही. ती "आंटीजी" म्हणते, तेव्हाच उघडते.