राखेवर पाय

आमच्या एसेनगुल मास्तरला मातीत न्यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी नेमकं ऊन पडलं. बर्फ सुटला, आणि रात्रीत परत धरला. सकाळी बघतो तर कब्रस्तानाचा चढ काचेसारखा. मांजर गेलं तरी घसरेल असा.

सायराकान, त्याची बायको, अंगणातल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत भिंतीकडे तोंड करून बसलेली. पडद्यापलीकडे त्याला निजवलेलं, अलीकडे बायका. आलेल्या माणसांना ऐकू जाईल असा गळा काढून बायकोनं नवऱ्याचे गुण गायचे असतात. तिच्या तोंडून काही म्हणजे काही निघेना.

"अगं, रड की," थोरली नणंद कानाशी लागली. "लोक म्हणतील हिला सुटल्यासारखं झालं."

"रडते," सायराकान म्हणाली, आणि बसून राहिली.

तिला काय होत होतं म्हणाल तर काहीच होत नव्हतं. नमद्याला एका जागी टाका उसवला होता, तिकडे बघत होती. वर्गात उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि गेला, हे तिला कळलेलं होतं. कळून आत कुठं जात नव्हतं, एवढंच.

एसेनगुल गावच्या शाळेत फिजिक्स शिकवायचा. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव, हिवाळा सरता सरत नाही. त्याला फळ्यापेक्षा बाहेरचं आवडायचं. पोरांना बर्फावरची घसरगाडी आणायला लावायचा, दोन दोऱ्या बांधायचा. दोघांना एकमेकांपासून लांब उभं करायचा नि म्हणायचा, ओढा. गाडी ढिम्म. मग म्हणायचा, आता जवळ या, आणि तेवढाच जोर लावा. की निघालीच गाडी.

"ताकद तीच," तो म्हणायचा. "मघाशी निम्मी एकमेकांनाच ओढण्यात गेली. घरी जाऊन आईबापांकडे बघा, कळेल."

कुणी काही सांगायला आलं की ह्याचा एकच सवाल. शेजाऱ्याचं गाढव वाटेत अडलं, शेजारी घामाघूम होऊन म्हणाला, मास्तर, केवढा जोर लावला! तर हा विचारतो, "केवढा ते सोड, कुठल्या बाजूला लावलास?" शेजारी म्हणाला, गाढवाला विचारा.

घरात पण तेच. सायराकान शेवयांचं पीठ मळायला बसली की हा फळीवरच्या पिठात बोटानं बाण काढणार. एक खाली, एक वर. "हा गोळा बघ. जमीन त्याला खाली ओढतेय, फळी वर ढकलतेय. दोन्ही सारखे."

"बसलाय ना स्वस्थ? मग बसू दे की."

"स्वस्थ नाही गं. दोघांच्या मधे अडकलाय."

ती बाणांवरून लाटणं फिरवायची. तो हसायचा.

आता राखेचं सांगते. एने, म्हणजे त्याची आई, जुनी बाई. आमच्यात राखेवर पाय देत नाहीत. चुलीतली राख कुणी चालणार नाही अशा जागी टाकायची, तिच्यावरून गेलं की काहीबाही लागतं, घर बसतं. एसेनगुल नवीन नवीन मास्तर झाला, त्या हिवाळ्यात त्यानं ह्याच चढावर राख पसरली, वरच्या घरांची वाट पण हीच. मुलं, म्हाताऱ्या, पाण्याच्या बादल्या, सगळे आरामात वर. तो एनेला समजवायला गेला, "अगं, जमीन पाय धरते म्हणून माणूस पुढं जातो. बर्फ धरत नाही. राख धरायला लावते. ह्याला घर्षण म्हणतात."

"आणि ह्याला फावडं म्हणतात," एने म्हणाली. भर थंडीत सगळा चढ खरवडून राख गोळा केली तिनं. गाव बघत होतं. ती डोळे पुसत होती नि खरवडत होती.

त्यानंतर त्यानं कधी चढावर राख टाकली नाही. "आईचा जोर माझ्यापेक्षा मोठा आहे," म्हणायचा, "आणि बाजू उलटी आहे." एका वर्षी एने स्वतः त्याच चढावर पडली, मनगट मोडलं, तरी म्हणाली बुटाची चूक. पण हा राख टाकूनही देईना. दगडी कोळशाची राख चाळून, खडे काढून, गोठ्यामागं पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवायचा. वर्गात दाखवायला लागते म्हणायचा. वर्गात लागून लागून किती लागणार?

नमाज झाली. माणसांनी त्याला उचलला. सायराकान भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. बूट निघाले, मग घासल्याचा आवाज, मग कुणीतरी ओरडलं, "धर! धर!" मग एकदम शांत. तंबूतल्या बायकांचा गळा पण थांबला.

दाराशी तुर्दुबेक आला, चुलत दीर. टोपीला बर्फ, गुडघा फाटलेला.

"एने, पडला नाही तो. धरला आम्ही. पण चढावर उभंच राहवत नाही. खाली सपाटीला आणून ठेवलाय. घसरगाडीवर घालून दोऱ्यांनी ओढू का?"

"माझ्या लेकाला सरपणासारखं ओढणार?"

"मग पाडू? तुम्हीच सांगा."

आमच्यात माणूस शेवटचा खांद्यावरून जातो. ओढत नेलेल्याचं नाव नातवंडांपर्यंत निघतं, आणि खांद्यावरून पडलेल्याचं तर विचारूच नका.  एनेचे हात मांडीवर होते, ते मनगट वाकडंच बसलेलं.

भिंतीकडे बघतानाही सायराकानच्या डोळ्यांपुढं चढ होता. मधे काच, दोन्ही कडांना जुना भुसभुशीत बर्फ. माणसं कडांना उभी राहणार, लांब लांब, आणि ओढणार.

"दोन्ही कडांनी ओढलंत तर नाही चढायची गाडी," ती म्हणाली.

सकाळपासून ती पहिल्यांदा एवढं बोलली. नणंदेनं वळून बघितलं.

"मग काय करू, वहिनी?"

"राख टाका."



"कुठली राख?" एनेनं विचारलं.

"त्याची. गोठ्यामागं डब्यांत आहे."

"मी टाकून दे म्हणाले होते त्याला."

"हो."

एने बसल्या जागी थोडी पुढं मागं झाली. मग जमिनीला हात टेकून उठली. "तुर्दुबेक, डबे काढ. पण कुणी पाय देऊ नका राखेवर, मी आल्याशिवाय."

मुल्ला आडवा आला. "एने, बायांनी कब्रस्तानात यायचं नसतं."

"कब्रस्तानात कोण येतंय? चढावर येतेय. ह्या चढानं तुझ्या आईला पाणी नेऊन दिलंय मी, बाजूला हो."

तुर्दुबेकनं नंतर सांगितलं ते असं. माणसांनी पाटी पाटीनं राख पसरली, पार कब्रस्तानाच्या अलीकडच्या वळणापर्यंत. एने खाली उभी राहिली. म्हणाली, "पहिला पाय माझा. जे काय लागायचं ते मला लागू दे, ह्या पोरांना नको." आणि चढली. एकटी, काठीशिवाय, बूट नीट टेकवत. वळणावर थांबली, मागं बघितलं, म्हणाली, "आणा."

सायराकानला आत फक्त आवाज आला. आधी एका माणसाचा करकर. मग पुष्कळ माणसांचा, सगळा एका बाजूला, वर. घासल्याचा कुठं नाही. मग तोही थांबला. ती उसवलेल्या टाक्याकडे बघत होती.

एने परत आली ती बूट न झटकता. एरवी दारात दहादा झटकणारी बाई, राखेच्या पायांनी नमद्यावरून चालत आली नि सुनेला लागून बसली.   दोघींचे खांदे टेकलेले होते. संध्याकाळपर्यंत तेलात पिठाचे गोळे तळायचे होते, गेलेल्याच्या नावानं घरातून तळणाचा वास निघायला हवा, अशी आमच्यात रीत. मग उठल्या.

सकाळी सायराकाननं चूल साफ केली. राखेची पाटी घेऊन दारात उभी राहिली, कुठं टाकायची ते सुचेना.

"डब्यात टाक," आतून एने म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, "चाळून टाक. तो चाळायचा."