थोरलीचा डावा डोळा

माझ्या चित्रांतल्या सगळ्या बायकांचा डावा डोळा कितीतरी वर्षं उजव्यापेक्षा जरा खाली असायचा, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. लातूरला एका खासगी क्लासच्या ऑफिसात मी बसते. पोरं तासाला आत गेली की बाहेर सामसूम होते आणि माझे हात शिवशिवायला लागतात. जुन्या पेपरांच्या पाठीवर, फाइलच्या पुठ्ठ्यावर, जे हाताला लागेल त्यावर मी चेहरे काढायचे. नवऱ्यानं टॅब आणून दिल्यावर तर विचारूच नका. चित्रं फोनवर टाकू लागले, चार लोक वाहवा करू लागले, आणि हौशी चित्रकारांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ताई, डोळे एका रेषेत घ्या की."

झोंबलं. त्या माणसाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आणि मग गुपचूप व्हिडिओ लावून शिकायला बसले. चेहऱ्याच्या मधोमध आडवी रेघ मारायची, तिच्यावर दोन्ही डोळे बसवायचे, दोन्हींच्या मध्ये एका डोळ्याची जागा सोडायची. वर्षभर हेच घोटलं. हात सुधारला, हे मी स्वतःच सांगते. लोकही सांगू लागले आणि माझ्या डोक्यात थोडी हवा गेली.

माहेर माझं अर्धापूरजवळच्या एका गावात. भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. थोरली आणि धाकटी, शाडूचे दोन मुखवटे, आईच्या लग्नाआधीपासूनचे. लहानपणी त्या तीन दिवसांत पुरणपोळी, फुलोरा, आरास सगळं सोडून मी थोरलीच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिचा एक डोळा किंचित उतरलेला होता, त्यामुळे ती आपलं ऐकतेय असं वाटायचं. धाकटी नुसतीच सुंदर होती. पाटीवर मी पहिला चेहरा काढला तो थोरलीचाच.

आई तर तिच्याशी बोलायचीच. तिसऱ्या दिवशी, महालक्ष्म्या हलवायच्या आधी, ओट्या भरून झाल्या की आई थोरलीच्या कानाशी लागायची आणि वर्षभराचं सगळं सांगायची. केळीच्या बागेचं, दादाच्या पोटदुखीचं, लग्नानंतरच्या माझ्या रुसव्याफुगव्यांचं. आम्ही मागे उभे राहून हसायचो. वहिनी म्हणायची, "झाली का आमची चुगली करून?" आई हात हलवून तिला गप्प बसवायची.

मागच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा आईनं मुखवटे काढून दाखवले. दोघींच्या रंगाचे पोपडे निघाले होते. नांदेडला रंगवून देणारे आहेत, पण आई म्हणाली, "घरात चित्र काढणारी लेक असताना बाहेर कशाला देऊ? रंग गेलाय तेवढाच भर, माय."

तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी ते मुखवटे मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला आणले. धाकटीचं काम पटकन झालं. थोरली समोर घेतली आणि मला एकदम उलगडलं. माझ्या हाताला ती खोड लागली होती ती इथून. मला हसू आलं. इतक्या वर्षांनी चूक नेमकी सापडली याचा आनंदच झाला, आणि त्या आनंदात मी तिच्या तोंडावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. जुना डोळा खरवडला, खड्डा भरला, धाकटीच्या मापानं नवा डोळा काढला. थोरली फार देखणी झाली. तिचा फोटो टाकला, त्याला मला आजवर मिळाली नव्हती एवढी शाबासकी मिळाली.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मी मुखवटे माहेरी नेले, आईनं त्यांच्यावरचं लुगडं सोडलं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान झाल्यात." कुंकवाच्या पावलांवरून दोघींना घरात आणलं, साड्या नेसवल्या, दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मीही आल्यागेल्याला रंग मीच भरल्याचं सांगत मिरवत होते. तिसऱ्या दिवशी आईनं ओट्या भरल्या, दोघींना हात जोडले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओठांवर आलेली थट्टा गिळून माझ्याकडे बघत राहिली.

मी आत गेले. "आई, बोलली नाहीस तिच्याशी?"

आई भांडी लावत होती. "लग्न होऊन आले त्याच साली ती माझ्या हातातून पडली होती," ती म्हणाली. "कपाळ गेलं, डोळा गेला. तुझ्या आजीनं गावातल्या रंगाऱ्याकडून बुजवून घेतलं, त्याचा हात जरा खाली गेला. मला वाटलं, आता घरात काही वाईट झालं की माझ्याच डोक्यावर येणार. पर काहीच झालं न्हाई. माझी चूक तोंडावर घिऊन ती दरसाली यायची, आन् कधी रागावली न्हाई. मग तिला न्हाई तर कुणाला सांगू?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, मी परत करते, आत्ता करते. फोनमधले जुने फोटो काढले, मोठे करून बघितले आणि कागदावर तो डोळा काढायला बसले. रेघ बरोबर यायची, डोळा बरोबर खाली जायचा, आणि तरी ती थोरली दिसायची नाही. मुद्दाम तिरळं केलेलं कुणीतरी दिसायचं. ज्या हाताला तो डोळा न शिकवता येत होता, त्याला आता तो येईना. ते घालवायला मी वर्षभर राबले होते. एवढी लाज मला कशाचीच वाटली नव्हती.

त्यातल्या त्यात बरा कागद आईला दाखवला. तिनं तो लांब धरून बघितला.

"हे तू काढलेलं हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तिच्या तोंडाला आता परत हात लावू नको."

"मग पुढच्या वर्षी?"

"बघू. नवी हाय. वळख व्हायला टाइम लागतो."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि महालक्ष्म्या उतरवायला बाहेर गेली. मी दारात उभी होते. वहिनीनं दागिने, साड्या काढल्या आणि दोन्ही मुखवटे पाटावर ठेवले. आई गुंडाळायला खाली बसली. एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. हातातलं लुगडं तसंच धरून तिनं हळूच वहिनीला विचारलं, "यातली थोरली कोणती गं?"