दंडावरचा काळा दोरा

कुसुमताईंची आणि माझी पहिली भेट त्र्याण्णवच्या गणपतीत, लखनौच्या निशातगंजला, आपल्या मराठी मंडळात झाली. मी निघालो होतो नेपाळला. वाटेत उतरलो तो मोदकांसाठी. पंगतीत वाढता वाढता त्यांनी विचारलं, “स्कूटर येते का रे तुला?” हो म्हणालो. नेपाळ राहिलं ते राहिलंच.

ताई दवाखान्यात परिचारिका. रविवारी सुट्टी, तर माझ्या स्कूटरवर मागे बसून शहराबाहेर, सरोजिनी नगरच्या पुढे एका खेड्यात जात. दिवाळी झाली की तिथले आईबाप वीटभट्ट्यांवर जातात, लेकरं आजीकडे राहतात. आया भट्टीवर निघाल्या की प्रत्येकीकडून ताई लेकराच्या दंडाला काळा दोरा बांधून घेत, खाली एक बोट जाईल एवढा. आया नजरेसाठी बांधत. ताईंना तो सैल झाला की पोर वाळल्याचं कळे.

एका थंडीत ताई तापानं पडल्या. दोन रविवार मी एकटाच गेलो. दोन वर्षांच्या मुन्नीचा दोरा कोपराशी आला होता. आजी म्हणाली, “भैया, गिर जाएगा, ज़रा कस दो.” मी तो आवळून बांधला. वर त्यांच्याच झाडाचे पेरू खाल्ले. तिथले पेरू म्हणजे... असो.

तिसऱ्या रविवारी ताईंनी दोऱ्यावर बोट ठेवलं. “ही गाठ हिच्या आईची नाही.”

“मीच बांधली, ताई. सैल झाला होता.”

जुलाब होत होते म्हणून आजी पोरीला नुसता चहा पाजत होती. आजीला मोतीबिंदू, तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

ताईंनी दोघींना आपल्या दोन खोल्यांत आणलं. ड्यूटीवरून येत आणि पातळ खिचडी घेऊन बसत. पोर तोंड फिरवी, त्या पुन्हा चमचा भरत. महिनाभर.

“मला रागवा तरी,” मी म्हणालो.

भिंतीला टेकून ताई म्हणाल्या, “ताकद नाही रे. तेवढ्यात दोन चमचे पोटात जातील हिच्या.”

मुन्नी वाचली. जूनमध्ये आई परतली, तिनं आधी दंडच चाचपला.

गाव अजूनही दिवाळीनंतर रिकामं होतं. ताईंनी ते थांबवलं असं लिहिलं तर त्यांनाच पटणार नाही. त्या जातात, एवढंच. आता साठीत, जिना चढताना दोनदा थांबून.

परवा पाहिलं, ताईंची बांगडी कोपरापर्यंत सरकते. या वेळी मी गप्प बसणार नाही. मंडळी, रविवार आपण वाटून घेऊ. आणि ताई, तुम्ही पोटभर जेवा, खूप वर्षं जगा. तुमच्या हाताला ती बांगडी पुन्हा घट्ट होऊ दे.