एकच वेढा

आमच्या नाशिकच्या कॉलनीत प्रजासत्ताक दिनाचा झेंडा बांधायचं काम माझ्या वडिलांकडे असायचं. या दिवशी झेंडा खालून वर चढवत नाहीत. घडीत गुलाबाच्या पाकळ्या ठेवून तो आधीच वर बांधलेला असतो. दोरी ओढली की गाठ सुटली पाहिजे, पण वाऱ्याने सुटता कामा नये. वडील आदल्या संध्याकाळी गॅलरीत जुन्या टॉवेलवर सराव करायचे. "इतकी वर्षं झाली, अजून पाठ नाही का?" असं आई दरवर्षी म्हणायची.

दिवाळीनंतर ते गेले. जानेवारीत शेजारचे काका झेंडा घेऊन दारात आले. "तू त्यांच्याजवळ उभी असायचीस, तुलाच जमेल." मी हो म्हटलं. वडील गेल्यापासून आई त्यांच्याबद्दल बोलतच नव्हती.

सकाळी थंडीने बोटं आखडली होती. गाठ मध्येच सुटेल या भीतीने मी एक वेढा जास्त घेतला. काकांनी दोरी ओढली, गाठ सुटेना. सगळे वर बघत थांबले. तिसऱ्या हिसक्याला झेंडा उलगडला आणि पाकळ्या माझ्या डोक्यावर पडल्या.

घरी आले तर आई गॅलरीतच उभी होती; तिथून झेंडा दिसायचा.

"दोन वेढे घेतलेस ना? तुझे बाबा एकच घ्यायचे."

मग तिने कपाटातून तो टॉवेल काढला आणि कपड्यांच्या दोरीवर मला गाठ दाखवू लागली.