माक्याच्या तेलाचा अभ्रा

न्यूझीलंडमध्ये अस्वल औषधालासुद्धा सापडत नाही. तरी तिथल्या फ्लॅट बुश उपनगरातल्या आपल्या ऐसपैस घरात मधुकर एकटाच बसून अस्वलांचा अभ्यास करत होता. लेक ओवी त्याला अमेरिकेतल्या वाळवंटी डोंगरांत पायी फिरायला नेणार होती, आणि तिथे अस्वलं होती.

मधुकर पेशाने इंजिनिअर आणि स्वभावाने त्याहून जास्त. तिथल्या पार्कचे नियम त्याने घोकून पाठ केले. वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलाला उघडता येणार नाही अशा जाड डब्यात ठेवायची, आणि डबा तंबूपासून लांब. वास येणारी म्हणजे नुसतं खाणं नव्हे. साबण, टूथपेस्ट, बाम, सगळंच. रंगीत तालीम म्हणून त्याने लॉनवर तंबू ठोकला आणि डबा पार कुंपणापाशी नेऊन ठेवला. शेजारीण तिथल्या पद्धतीने नमस्कार म्हणून 'किया ओरा' म्हणाली, त्यानेही म्हटलं. पुढे काही विचारेल म्हणून तो थांबला, पण ती गाडीत बसून निघून गेली. त्या दिवसातलं त्याचं बोलणं तेवढंच.

सुचित्रा गेल्यापासून असंच चाललं होतं. बायकोच्या उशीचा अभ्रा त्याने दोन वर्षं धुतला नव्हता. ती केसांना माक्याचं तेल लावायची, आणि तो वास उशाशी असल्याशिवाय त्याचा डोळा लागत नसे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? आता तंबूत अभ्रा न्यावा तर वासाने अस्वल यायचं आणि शेजारी पोटची पोर झोपलेली, आणि न न्यावा तर रात्रभर टक्क जागं राहायचं. या एका गोष्टीपायी जावं की नाही इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी ओवी तिच्या गावाहून, लोअर हटहून आली. जेवणाच्या टेबलावर डबा भरणं सुरू झालं. मेतकूट बसलं, शेंगदाण्याचे लाडू बसले. लसणाची चटणी तिने नाकाशी नेली.

"बाबा, सीरियसली? अस्वलं रांग लावतील."

"डब्यात आहे ना? मग लावू देत."

तेवढ्या हशात धीर करून तो आत गेला आणि अभ्र्याची घडी घेऊन आला. "हाही डब्यातच टाक. तुझ्या आईच्या तेलाचा वास आहे त्याला. मी झोपेन कसाबसा."

ओवीने घडी उलगडली, चेहऱ्याशी धरली, पुन्हा एकदा धरली. "बाबा, ह्याला कसलाच वास नाहीये. इट्स ओके. तंबूत ठेव जवळ."

खरं तर हवं तेच पदरात पडलं होतं. पण सुचित्रा गेली तेव्हाही मधुकरला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्याने अभ्रा घेऊन नाकाशी धरला.

"आहे वास," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम. डब्यातच जाईल."

"अरे, मग तुला झोप..."

"नाही लागली तर नाही लागली."

एरवी ओवीच्या दर वाक्यात इंग्रजी असायचं, आता ती शब्द शोधत मराठीत म्हणाली, "हो बाबा. आहे वास. मघाशी मला कळला नाही."

मग तिने आपली चॉकलेटं डब्यातून बाहेर काढली आणि अभ्र्याला जागा करून दिली.