धवलारणीची दुसरी टेप

"ने रे, गानं काय झिजतं?" असं म्हणत तिने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. तिथे स्टूल पुढे केलं तरी ती कधी बसली नाही.

ती धवलारीण. आमच्याकडची लग्नं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको. हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला जी बाई लागते, ती ही. प्रत्येक धवल्यात नवरा-नवरीची नावं गुंफायची. त्याबद्दल लुगडं, तांदूळ, थोडे पैसे आणि मांडवात मान. यावरच तिचं वर्ष निघायचं.

एका लग्नात मी तिचे धवले टेप केले. विचारून केले, तेव्हाच तिने ते झिजण्याचं ऐकवलं. मग मी कॅसेटी भरत गेलो, विकत गेलो. पुढच्या हंगामात ती दुकानापुढे येरझारा घालू लागली.

"माझ्याच पाड्यावं लगीन झालं. तुझी टेप वाजली. मला हाक नाय."

मी ओशाळून गल्ल्यात हात घातला.

"ते ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मला मांडवात बोलवाया पायजे."

दुकानात चित्त लागेना, ती कॅसेट दिसली की नजर दुसरीकडे वळवायचो. तरी विकत होतोच, खोटं कशाला बोलू?

वाट दाखवली ती शहापूरकडच्या एका लग्नाने. नवरी वनिता, टेपमधली सुमन; तोवर त्या नावाकडे कोणी कान दिला नव्हता. हळद लागतेय वनिताला आणि मशीन सासरी धाडतंय सुमनला! वनिताच्या आईने रडायला सुरुवात केली, नवऱ्याकडचे कुजबुजू लागले. अखेर धवलारणीला आणायला जीप धावली.

दुसऱ्या दिवशी ती हसतच आली. "दुसरी टेप भर. नाव येल तिथं मी गप ऱ्हाते."

"मग लोकांनी काय करायचं?"

"मला बोलवायचं! आन ऐक, ही टेप कोनीबी मागंल त्याला भरून दे. फुकट."

इतका पक्का धंदा मी एकाही शेटजीला करताना पाहिला नाही. टेप गावोगाव गेली आणि तिच्यामागून ती. मशीनशेजारी उभी राहून मोकळ्या जागी नाव घालायची. तिसऱ्या धवल्याला मशीनच बंद करून सगळं स्वतः म्हणायची.

एका पावसाळ्यात ती तापाने गेली. मी दुकानात होतो, मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी शहापूरला माझ्या पुतणीचं लग्न होतं. कोणीतरी तीच टेप लावली. नावाची जागा आली. नुसती खरखर. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, हळदीने माखलेल्या पुतणीने मान वर केली, आणि टेप पुढे गेली. दुसऱ्यांदाही तसंच. मला बसवेना. उठून मशीन बंद केलं आणि म्हटलं, "अगो, म्हणा ना कोणीतरी!"

एकीलाही येत नव्हतं.